खमंग म्हणता, पण गॅस कुठे पेटवला होता?

श्री. रा. रा. कॉपीरायटर साहेब,
मुक्काम पोस्ट : पाकिटाची दर्शनी बाजू,
यांस सा. न. वि. वि.

आपली-माझी ओळख नाही, पण आपलं वाङ्मय मी नियमित वाचते. किराणा दुकानातल्या रांगेत उभं राहिलं की दुसरं काही वाचायला मिळत नाही. आपले 'खमंग मसाला ओट्स' वाचले. 'झटपट खमंग सूप' वाचलं. 'तेलाचा एक थेंबही न वापरता खमंग चिवडा' वाचला आणि थोडी गहिवरलेही. परवा एका पाकिटावर नुसतंच 'खमंग फ्लेवर' असं ठळक दिसलं. आत नेमकं काय आहे ते खाली बारीक अक्षरात होतं, म्हणजे पदार्थ गौण आणि खमंग मुख्य. वर नऊवारी नेसलेली, नाकात नथ घातलेली एक बाई कढई पुढे करून हसत होती. कढई रिकामी होती. हे पत्र त्या कढईमुळे.

आपण नेलेला शब्द माझा आवडता आहे. आवडता म्हणजे मालकीचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. शब्दांचा सातबारा निघत नाही. निघत असता तर आपण एव्हाना तो बिगरशेती करून घेतलाच असता. पण जमीन दुसऱ्याची असली तरी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळाला काही हक्क असतात. त्या हक्कानं चौकशी करते आहे.

एक विनंती. ऑफिसात कुणी नसताना हा शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. 'ख'ला हवेचा झोत बाहेर सुटतो. 'म'ला ओठ मिटतात आणि आवाज नाकात शिरतो. तोंड उघडेपर्यंत अनुस्वार त्याला परत नाकात नेतो आणि मग कुठे 'ग' टेकतो. अक्षरं तीन, त्यात नाकाच्या फेऱ्या दोन. ज्या कुणी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, ती व्यक्ती कढईजवळ उभी असणार, अशी माझी खात्री आहे. ती आपल्या ऑफिसात नव्हती, याचीही.

मराठीत खाण्याच्या विशेषणांची काही वाण नाही. 'कुरकुरीत' कानाचं आहे, 'लुसलुशीत' बोटांचं, 'झणझणीत' आधी जिभेचं आणि मग डोळ्यांचं. 'खमंग' नाकाचं आहे आणि त्यामुळे ते पदार्थाच्या आधी पोचतं. ताट मांडलं जाण्याआधी, दार उघडण्याआधी, चपला काढण्याआधी. जिन्याच्या पहिल्या मजल्यावर कळतं की तिसऱ्यावर आज कुणाकडे थालीपीठ लागलंय. तिथून पुढचे दोन मजले माणूस पायांनी चढत नाही. आपलं पाकीट मात्र हवाबंद. त्याच्यातून जिन्यात काही येत नाही, म्हणून ते छापावं लागतं; तेवढी आपली अडचण मी समजू शकते.

पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. आपण 'खमंग' हा पदार्थाचा गुण आहे असं धरून चालला आहात. मिठासारखा वरून टाकता येणारा. आमच्या स्वयंपाकघरात तो मुळात वेळ सांगायचा शब्द होता. पाककृती सांगणाऱ्या बायका मिनिटं सांगत नसत. 'खमंग वास सुटेपर्यंत परतायचं,' एवढंच सांगत, आणि ऐकणारीला ते पुरत असे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७०ची. मधल्या साठ वर्षांत चूल गेली, कोळशाची शेगडी आली, भर्र भर्र करणारा स्टोव्ह आला, गॅस आला. वाटी-चमच्याचं माप घरोघरी रुळलं. पण चुलीवरची सात मिनिटं आणि गॅसवरची सात मिनिटं एक नसतात, बिडाची कढई आणि ॲल्युमिनियमचं पातेलं एक नसतं, पावसाळ्यातला रवा आणि उन्हाळ्यातला रवा एक नसतो. या सगळ्या बदलांत न चुकणारं घड्याळ एकच होतं आणि ते प्रत्येकीच्या चेहऱ्याच्या मधोमध बसवलेलं होतं. परदेशात गेलेल्या मराठी घरांत तर छतालाही एक बसवलेलं असतं, त्याला स्मोक अलार्म म्हणतात. मोहरी, मिरची आणि हिंग बरोबर जमले की ते वाजतं. फक्त ते दाद म्हणून वाजतं की तक्रार म्हणून, याबद्दल घरमालकांत आणि भाडेकरूंत एकमत नाही.

बेसनाच्या लाडवांचं उदाहरण देते, कारण आपल्या 'इन्स्टंट खमंग बेसन लाडू मिक्स'वर मी मुद्दाम पैसे खर्च केले आहेत. घरी काय होतं ते ऐका. जाडसर दळलेलं बेसन तुपात पडतं आणि आधी घट्ट गोळा होऊन बसतं. उलथनं जड होतं. हात भरून येतो. या टप्प्याला नवशिके हमखास तूप वाढवतात आणि पुढे लाडू बसतात. जाणत्या बाया वाढवत नाहीत, त्या आच मंद ठेवून परतत राहतात. बऱ्याच वेळानं एका क्षणी बेसन सैल पडतं, तूप सोडू लागतं आणि उलथनं अचानक हलकं होतं. तोवर वास कच्चट असतो, डाळीचा, पिठाचा. मग रंग किंचित तांबूस होतो आणि वास बदलतो. बदलतो म्हणजे हळूहळू नव्हे. आत्ता नव्हता आणि आत्ता आहे. बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारा माणूस मान वर करतो, तो हाच क्षण. त्यावर दुधाचा हबका मारला की चर्र होऊन फेस येतो, बेसन रवाळ होतं, आणि तो वास दुपटीनं उसळतो. यानंतर फार थांबायची सोय नसते. गॅस बंद केला तरी कढई तापलेली असते आणि बेसन तिच्यात भाजतच राहतं. म्हणून खमंग व्हायच्या जरासं आधीच उतरवावं लागतं आणि उरलेलं काम कढईवर सोडावं लागतं. अलीकडे कच्चट, पलीकडे करपट, मध्ये एक अरुंद पट्टी. त्या पट्टीचं नाव खमंग.

आपल्या मिक्समध्ये मी सूचनेप्रमाणे गरम तूप ओतलं. लाडू वळले गेले. गोड होते, गोल होते. वेलदोड्याचा वास इतका होता की त्याच्या आड दुसरं काही लपवलेलं असावं अशी शंका आली.

हे सगळं आपल्याला म्हाताऱ्या बायकांचं पुराण वाटत असेल, तर विज्ञानाच्या दरबारात जाऊ. १९१२ साली लुई कामिल मेयार नावाच्या फ्रेंच माणसानं दाखवून दिलं की प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखरा उष्णतेनं एकमेकांना भिडल्या की तपकिरी रंगाची, वासाची नवनवीन द्रव्यं तयार होतात. पावाची कड, भाजलेली कॉफी, आपले दाणे, आपलं बेसन, सगळीकडे हीच करामत. त्यातल्या पायराझिन नावाच्या द्रव्यांमुळे भाजल्याचा तो खास वास येतो. ही क्रिया साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे जोरात चालते. आणि पाणी १०० अंशांना उकळतं. भांड्यात पाणी आहे तोवर पदार्थ त्याच्या फारसा वर जात नाही. म्हणून उकडीच्या मोदकाला आजवर कुणी खमंग म्हटलेलं नाही. त्याला मऊ म्हणतात, सुबक म्हणतात, वर तूप सोडून देखणा म्हणतात. तळणीचा मोदक खमंग असू शकतो. मेयारसाहेबांचं नावही न ऐकता आमच्या आज्यांनी शंभर अंशांच्या अलीकडे एक विशेषण आणि पलीकडे दुसरं, अशी चोख वाटणी करून ठेवली होती. आपण उकळत्या पाण्यात पावडर ढवळायची आणि तिला 'खमंग सूप' म्हणायचं, हा भाषेचा गुन्हा आहेच, पण पदार्थविज्ञानाचाही आहे.

आता आपण लगेच हात वर कराल. 'मग खमंग काकडी?' म्हणाल. थंडगार, कच्ची, पाणीदार. न भाजलेली, न तळलेली. शाबास. मलाही हा प्रश्न आवडतो. चोचवून पिळलेली काकडी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरची, चिमूटभर साखर, लिंबू. यात दाणे आधी खरपूस भाजलेले असतात, सालं पाखडलेली असतात. आणि शेवटी वरून तुपात तडतडलेल्या जिऱ्याची फोडणी. त्या बिचाऱ्या काकडीचं खमंगपणात काहीही कर्तृत्व नाही. ती नाव लावते, काम दाणे आणि फोडणी करतात. घराण्यांत असं चालतं. पण निदान दाणे आणि फोडणी खरे असतात, आणि वाढायच्या आधी एक छोटी कढली तापवावीच लागते.

फोडणी हा तर पाण्याचा कायदा वळसा घालून जाण्याचा आमचा जुना मार्ग. वरण, कढी, आमटी, सगळं शंभर अंशांच्या आत अडकलेलं. मग तेल वेगळं तापवायचं, त्यात भाजण्याचं काम उरकायचं आणि ते वरणावर ओतायचं. मोहरी तडतडते ती आतल्या ओलाव्याची वाफ होऊन साल फुटतं म्हणून. गंमत अशी की तीच मोहरी पाण्यात फेसली की नाकात जाते, डोळ्यांतून पाणी काढते. लोणच्याला ती तशीच लागते. तापलेल्या तेलात मात्र तिचा तो तिखट झटका तयार करणारं विकरच निकामी होतं आणि उरतो तो दाण्याच्या जवळ जाणारा मवाळ वास. हिंगाचंही तेच. डबी उघडून हुंगलं तर माणूस मागे सरतो. तेलात पडला की पुढे येतो. हा हिंग आपल्याकडे अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याची रोपं लावायचा प्रयोग २०२० साली सुरू झाला. इतक्या लांबून, झाडाच्या मुळाचा चीक वाळवून, आणखी मैदा आणि डिंक मिसळून तो आमच्या डबीत येतो, आणि फोडणीत पाच-सात सेकंद जगतो. सहावा सेकंद बरोबर, दहावा कडू. साहेब, 'झटपट' या शब्दाबद्दल आपल्याला काही माहिती हवी असल्यास हिंगाकडून घ्यावी.

आपल्या पाकिटातल्या खमंगाचा जन्म कुठे होतो, तेही मी पाकीट उलटून वाचलं. पामतेल. मीठ. साखर. 'नैसर्गिक आणि निसर्गसदृश स्वादद्रव्ये.' चव वाढवणारे ६२७ आणि ६३१. दोन आकडे पाहून मला जुन्या एसटीच्या गाड्या आठवल्या. ही सगळी द्रव्यं कायद्यानं चालतात आणि मी काही विषाची आरोळी ठोकणार नाही. असली आरोळी ठोकणारे लोक मोबाइलवर पुष्कळ आहेत. माझं म्हणणं एवढंच की पाकिटात नायट्रोजन भरलेला असतो. का? तर तेलाला ऑक्सिजन लागून ते खवट होऊ नये म्हणून. खवट. हाही आमच्याच कोठारातला शब्द, आणि खमंगाचा सख्खा वैरी. म्हणजे सहा महिने टिकणारी आपली वस्तू फार तर 'अजून खवट न झालेली' असते. हे पाकिटावर छापायला हरकत नाही. 'अजून खवट न झालेला चिवडा, किंमत ५० रुपये.' मी घेईन.

खमंग टिकत नाही, ही त्याची अट आहे. सकाळी दळून आणलेली भाजणी संध्याकाळी जी असते, ती पंधरा दिवसांनी नसते. आमच्या गल्लीतला गिरणीवाला भाजणीचे डबे शेवटी घेतो, कारण तिच्यामागून दळलेल्या गव्हाला तिचा वास लागतो आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, सगळं वेगवेगळं भाजलेलं, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. धने-जिरे सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत थोडे. तो डबा घरी नेताना वाटेत दोघंतिघं तरी विचारतात, 'भाजणी का?' आपल्या उत्पादनाला रस्त्यात कुणी ओळखलं आहे का कधी? जाहिरातीचा खर्च न करता?

आता ती नथवाली बाई. साहेब, आपल्या खमंगाला कायम नऊवारी आणि नथ का असते? आणि मागे पितळी डबे, तुळस? सोलापुरात उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगदाण्याची चटणी खमंग नाही का? विदर्भातली जवसाची, नगर-नाशकाकडची कारळ्याची? खानदेशात काळ्या मसाल्यासाठी कांदा आणि सुकं खोबरं थेट विस्तवावर काळं होईस्तोवर भाजतात, तो? तव्यावर लसणाबरोबर रगडलेला ठेचा, ज्याच्या वासानं अख्ख्या वस्तीला ठसका लागतो आणि कुणी तक्रार करत नाही? आणि कोकणातलं सुकट? कोरड्या तव्यावर भाजलेलं सुकट, वर कांदा, कोकम. भाजलेले सुके बोंबील. ज्याला हवं त्याला खमंग, ज्याला नको त्याला 'वास'. कितीतरी हाउसिंग सोसायट्यांच्या सभा या एका शब्दाच्या दोन बाजूंवर झालेल्या आहेत. आपण कधी सुकटाच्या पाकिटावर 'खमंग' छापलेलं मी पाहिलं नाही. शब्द उचलताना आपण त्यातला एकच पाट, एकच चौक, एकच आडनाव उचललंत, बाकीचा महाराष्ट्र चुलीपाशीच ठेवलात.

त्या बाईबद्दल आणखी एक. ती हसते आहे. मे महिन्यात वर्षाचा मसाला भाजणारी बाई मी तरी हसताना पाहिलेली नाही. डोळ्यांना धार, नाकाला पदर, पाठीला घाम. माजघरात बसलेल्याला जो खमंग, तो चुलीपुढे धूर असायचा, हे आमच्या जुन्या आठवणी लिहिणारेही सोयीस्करपणे विसरतात. इथे आपण बाह्या सावरून म्हणाल, 'बाई, त्याच धुरातून तर आम्ही तुम्हाला सोडवतोय.' मुद्दा चांगला आहे. मी तो मान्यही करते. मी स्वतः बचत गटाच्या बायकांकडून भाजणी विकत घेते, दाण्याचं कूट विकत घेते, चकली तर हल्ली दर वर्षी. मला कुणी कढईपुढे उभं राहावं असा आग्रह नाही आणि एअर फ्रायरशी तर माझं भांडणच नाही. त्यात १८० अंशांची खरी हवा फिरते आणि मेयारसाहेब तिथेही हजर असतात. पण बचत गटाची भाजणी विकत घेतली तरी तिच्यासाठी कुणीतरी उभं राहिलेलं असतं आणि मी तिचे पैसे देते. आपण माझ्याकडून पैसे घेता आणि कुणीही उभं राहिलेलं नसतं. नथ मात्र लावता.

सचोटीनं धंदा करता येतो, याचा दाखला मुंबईतच आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्यांचं पाकीट कच्चा पापड विकतं. भाजायचं तुमच्या गॅसवर, तुमच्या चिमट्यानं, जिथे फोड येईल तिथून झटकन फिरवत. त्यांच्या जाहिरातीतला ससासुद्धा पापडाच्या आवाजाचं आश्वासन द्यायचा. वास तुमचा तुम्ही काढा, हा त्यातला अध्याहृत भाग. मला तो ससा आपल्यापेक्षा भाषेच्या बाबतीत अधिक जबाबदार वाटतो.

आपल्या वर्तमानपत्रातल्या भावंडांनी 'खमंग किस्से' आणि 'खमंग चर्चा' सुरू केल्या, त्यांना मी या पत्रातून वगळते. तो वापर मला पटतो. किस्सासुद्धा पाचसहा जणांनी मंद आचेवर उलटसुलट केल्याशिवाय खाण्याजोगा होत नाही, आणि जरा जास्त झाला की करपतो. शिवाय तिथे आग असतेच, निदान कुणाच्या तरी पोटात. अपराध्याचा समाचार मात्र मराठीत 'खरपूस' घ्यायची रीत आहे, खमंग नव्हे. म्हणून या पत्रात आपल्याला काही ठिकाणी जास्त भाजलं असेल तर ते नियमानुसार आहे.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते, मग पुन्हा थट्टेकडे वळू. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, कितीतरी माणसांचा वास गेला. काहींचा आठवड्यात परतला. काहींचा परतला तो बिघडून: कॉफी, कांदा, लसूण, भाजलेलं मांस, नेमक्या परतलेल्या-भाजलेल्या गोष्टी सडक्या आणि जळक्या वासाच्या लागू लागल्या. डॉक्टरांनी गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज दोनदा हुंगायला सांगितले, नाकाला पुन्हा शिकवण्यासाठी. आमच्या शेजारच्या एक काकू त्या दिवसांत फोडणी घालताना घड्याळ लावायच्या. आयुष्यभर नाकावर स्वयंपाक केलेली बाई. तेल तापलं की नाही ते बघायला एक मोहरी टाकायची, तडतडली की ऐकायचं, मग सेकंद मोजायचे. आमटी बरोबर व्हायची. खाणारे म्हणायचे, खमंग झालीये. काकू म्हणायच्या, 'असेल बाई, तुम्ही म्हणता तर.' त्यांच्यासाठी त्या वर्षी तो शब्द आपल्या पाकिटावरच्या शब्दासारखा झाला होता, नुसता छापलेला. फरक इतकाच की काकूंवर ती वेळ आजारानं आणली होती.

तर आता मागण्या. आपल्याला तुरुंगात पाठवावं अशी माझी इच्छा नाही. तिथेही आपण पाकिटं लिहाल. पहिली मागणी, आपल्या कचेरीत एक गॅसची शेगडी आणि एक बिडाची कढई बसवावी. यापुढे 'खमंग' लिहायचं असेल त्या दिवशी आपण स्वतः किलोभर बेसन मंद आचेवर भाजावं. फोन दुसऱ्या खोलीत. बेसन सैल पडेपर्यंत हलायचं नाही. वास सुटला तर शब्द वापरा, कुणी अडवणार नाही. कच्चट राहिलं तर 'पौष्टिक' लिहा, तो शब्द कच्चट पदार्थांसाठीच राखून ठेवलेला दिसतो. करपलं तर 'स्मोकी' लिहा आणि किंमत दुप्पट करा.

दुसरी मागणी, 'झटपट' आणि 'खमंग' हे दोन शब्द एकाच पाकिटावर शेजारी ठेवू नयेत. त्यांचं जमत नाही. हिंग सोडून.

तिसरी मागणी त्या बाईबद्दल. तिच्या कढईत काहीतरी घाला. चार पोहे घाला, मूठभर दाणे घाला. किती वर्षं रिकामी कढई धरून उभी राहणार ती?

मोबदला म्हणून काही शब्द पाठवत आहे, ते निःसंकोच वापरावेत: चटपटीत, चटकदार, कुरुमकुरुम, लज्जतदार. यांतल्या कुठल्याही शब्दासाठी कुणाला कढईपुढे उभं राहावं लागत नाही आणि माझी त्यांच्यावर विशेष माया नाही.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपली,
पाकीट उलटून वाचणारी एक गिऱ्हाईक

ता. क. : आपल्या 'खमंग फ्लेवर'च्या पाठीमागे, अगदी तळाशी, 'उघडल्यावर त्वरित संपवावे, अन्यथा चव बदलू शकते' अशी एक ओळ आहे. ती कुणी लिहिली? आपण नसणार. ज्यांनी लिहिली त्यांना खमंग म्हणजे काय ते ठाऊक आहे. त्यांना आपल्या जागेवर घ्यावं, आणि आपण त्यांच्या जागी बॅच नंबर छापावेत.